एकेरी वाहतूक: पुढे सरकते कोण, पोहोचते कोण?

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी तीन प्रश्न उत्तरांसह दिले आहेत.)



आजचा विषय कळल्यावर काही जणांनी आम्हाला विचारले, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा गाड्यांच्या वाहतुकीशी काय संबंध? ही गोष्ट पोलिसांची, अभियंत्यांची, फार तर नगरपरिषदेची. आमचे म्हणणे असे की, बाजाराच्या तोंडावर ‘प्रवेश बंद’ची पाटी लागते ना, ते एक विधान असते. त्या विधानामागे युक्तिवाद असतो. आणि युक्तिवाद म्हटला की तो तपासून बघण्याचा अधिकार रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना असतो. आम्हाला तर आयुष्यभर पगारच त्या कामाचा मिळाला.

तर प्रश्न असा: मध्यम आकाराच्या गावाच्या मुख्य बाजारपेठेत एकेरी वाहतूक, सरकारी भाषेत ‘एकदिशा मार्ग’, शोभतो का? उपयोगी पडतो का?

आधी आपल्याकडचे चित्र डोळ्यांपुढे आणू. १ मे १९८१ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. मुख्यालय ओरोसला वसवले. पण शहर म्हणावे असे शहर या जिल्ह्यात नाही. मालवण, सावंतवाडी, कुडाळ, कणकवली, वेंगुर्ले, यांतल्या एकाचीही लोकसंख्या २०११च्या जनगणनेत पंचवीस हजारांना पोहोचली नव्हती. एवढ्याशा गावांत वाहतुकीचा प्रश्न यावाच का? तो येतो, कारण बाजारपेठ काही फक्त गावाची नसते. आठवडा बाजाराला सगळा तालुका उतरतो. चतुर्थीला मुंबईचा चाकरमानी येतो. मे महिन्यात, दिवाळीत, वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात पर्यटक येतात. म्हणजे रस्ते गावाचे आणि भार शहराचा, अशी आपली स्थिती. मग ‘पेठ एकेरी करा’ ही मागणी पुढे येते. मागणी करणारे वेडे नाहीत. दहा मिनिटे एकाच जागी हॉर्न ऐकत उभा राहिलेला माणूस दुसरे काय म्हणणार?

या मागणीच्या बाजूने तीन कारणे दिली जातात. एक, वाहतूक सुरळीत होते. दोन, अपघात कमी होतात. तीन, शिस्त लागते. तिन्ही कारणे ऐकायला सरळ वाटतात. एकेक तपासू.

पहिले कारण: वाहतूक सुरळीत होते

न्यायशास्त्रात एक जुने उदाहरण आहे. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’पासून ते विद्यार्थ्यांना शिकवले जाते. धूर दिसला की अग्नी आहे असे अनुमान करता येते. पण उलटे करता येते का? अग्नी आहे म्हणून धूर असणारच, असे म्हणता येते का? नाही येत. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा बघा. त्यात अग्नी आहे, धूर नाही. मग धूर केव्हा येतो? इंधन ओले असेल तेव्हा. या ‘ओल्या इंधना’ला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. म्हणजे काय, तर अशी अट जी आपण बोलताना विसरतो, पण सगळे काम तीच करत असते.

आता हे रस्त्याला लावू. ‘जिथे एकेरी, तिथे सुरळीत’ असे विधान आहे. त्याची उपाधी कोणती?

पुण्यात जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन महाविद्यालय रस्ता अशी जोडी आहे. एकावरून जायचे, दुसऱ्यावरून यायचे. दोन्ही रुंद, साधारण समांतर, आणि त्यांना जोडणारे रस्ते मध्ये आहेत. तिथे एकेरी वाहतूक चालते, हे मान्य करायला हवे. पणजीत अठरा जून रस्ता एकेरी आहे. पणजीचा तो भाग चौकटीत आखलेला. एक रस्ता चुकला तर पुढच्या चौकात वळून दुसऱ्यावर येता येते. वळसा पडतो, पण थोडका.

आता पुण्यातच राहू आणि लक्ष्मी रस्त्यावर येऊ. तोही एकेरी, आणि आजकालचा नव्हे. पण गणपतीच्या किंवा दिवाळीच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी तिथून गाडी काढून दाखवा! एकेरी आहे आणि सुरळीत नाही. हा आमचा लोखंडाचा गोळा. एक जरी असा गोळा सापडला तरी ‘जिथे एकेरी तिथे सुरळीत’ ही व्याप्ती तुटली. मग सुरळीतपणा कशाने येतो? दोन अटींनी. जवळच समांतर रस्ता हवा, आणि रस्त्याच्या कडेला गाड्या उभ्या राहता कामा नयेत. हे आपले ओले इंधन. ते असेल तर एकेरीने काम होते. ते नसेल तर नुसत्या पाटीने काहीच होत नाही.

आता मालवणला या. भरड, फोवकांडा पिंपळ, बाजारपेठ, बंदर, ही नावे आपण एका दमात घेतो, कारण ती एका ओळीत मनात बसलेली आहेत. त्या ओळीच्या शेवटी काय आहे? समुद्र आहे. समोर सिंधुदुर्ग किल्ला. १६६४ला शिवाजी महाराजांनी तो कुरटे बेटावर बांधायला घेतला, आणि तेव्हापासून या किनाऱ्यावरच्या वाटा बंदराकडे येऊन थांबतात. यात एक मोठा फरक दडलेला आहे. काही रस्ते पार होण्याचे असतात, काही पोहोचण्याचे. महामार्ग पार होण्याचा. पेठ पोहोचण्याची. मालवणच्या पेठेत शिरलेला बहुतेक माणूस तिथेच पोहोचायला आलेला असतो. कुणाला मासळी घ्यायची, कुणाला औषध, कुणाला किल्ल्याची होडी गाठायची. पार जाणारा कोण? तारकर्ली-देवबागला जाणारा पर्यटक. आणि देवबागही कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामध्ये संपणारी जमिनीची पट्टी आहे, तिथेही रस्ता संपतोच.

एकेरी वाहतुकीची ताकद पार जाणाऱ्याला लवकर पार घालवण्यात आहे. पोहोचणाऱ्याला ती उलट लांबवते. आपल्या जिल्ह्यात पार जाणारी वाहतूक वेगळी काढण्याचे प्रयोग झालेले आहेत. झाराप-पत्रादेवी रस्त्याने महामार्ग सावंतवाडीच्या बाहेरून नेला. कणकवलीत महामार्ग उड्डाणपुलावर चढवला. त्यांचे फायदे-तोटे स्वतंत्र आहेत, पण निदान रोग आणि औषध एकाच जातीचे होते. पार जाणाऱ्यासाठी पार जाण्याची सोय. पेठ एकेरी करण्यात मात्र पोहोचणाऱ्याच्या रोगाला पार जाणाऱ्याचे औषध दिले जाते.

थोडे गणित करू, अगदी शाळेतले. समजा पेठ आणि मागचा रस्ता मिळून एकेरी फेरा १२०० मीटरचा झाला. तुमच्या घरापासून दुकान २०० मीटर मागे, म्हणजे उलट दिशेला आहे. आधी तुम्ही रिक्षाने २०० मीटर जात होता, २०० मीटर येत होता. एकूण ४००. आता जाताना १००० मीटरचा वळसा आणि येताना २००, एकूण १२००. दुकान उलट दिशेला नसून पुढे असते तर जाताना २०० आणि येताना १०००. बेरीज तीच. एकेरी फेऱ्यात जाऊन-येऊन अख्खा फेरा पडतोच, दुकान जवळ असो की लांब. ४००चे १२०० झाले, म्हणजे तीच एक रिक्षा रस्त्यावर तिप्पट चालली.

पुढची गंमत बघा. कोपऱ्यावर उभा राहून कुणी गाड्या मोजत असेल तर त्याला काय दिसेल? गाड्या न थांबता जात आहेत, पूर्वीपेक्षा जास्त जात आहेत. तो अहवाल लिहील, ‘वाहतूक वाढली आणि सुरळीत झाली.’ त्याचा आकडा खोटा नाही. पण त्याने गाड्या मोजल्या, कामे मोजली नाहीत. कामे होती तेवढीच राहिली. कार्लोस डगान्झो आणि विकाश गाया या दोन वाहतूक-अभ्यासकांनी हाच मुद्दा पुढे गणिताने मांडला. रस्त्यांचे जाळे किती गाड्या वाहून नेते हे मोजू नका, किती प्रवास पुरे करते हे मोजा. तसे मोजले तर अंतरे छोटी असतात तिथे दुहेरी रस्त्यांचे जाळे एकेरीहून सरस ठरू शकते, असे त्यांचे म्हणणे. मालवणपेक्षा छोटी अंतरे आणखी कुठे शोधायची?

दुसरे कारण: अपघात कमी होतात

या कारणात तथ्य आहे, ते आधी सांगू. दोन दुहेरी रस्ते जिथे एकमेकांना छेदतात त्या चौकात गाड्यांच्या वाटा एकमेकींना भिडण्याच्या ३२ जागा असतात, असे अभियांत्रिकीच्या पुस्तकांत शिकवतात. दोन्ही रस्ते एकेरी आणि एकेका रांगेचे असतील तर कागदावर मोजून बघा, त्या ५ उरतात. समोरासमोर धडक होण्याचा प्रश्नही मिटतो.

पण हा हिशेब गाडी आणि गाडी यांच्यातला आहे. पायी चालणारा त्यात कुठे आहे? समोरून कुणी येणार नाही हे कळले की चालवणाऱ्याचा पाय आपोआप दाबला जातो. अरुंद दुहेरी रस्त्यावर समोरची गाडी हीच गतिरोधक असते, तीच आपण काढून टाकली. कॅनडात हॅमिल्टन नावाचे शहर आहे. तिथल्या मुलांच्या अपघातांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. एकेरी रस्त्यांवर पायी चालणाऱ्या मुलांना इजा होण्याचे प्रमाण दुहेरी रस्त्यांच्या अडीच पट आढळले. अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात २०११ साली दोन एकेरी रस्ते पुन्हा दुहेरी केले, आणि तिथल्या अभ्यासकांनी अपघात घटल्याचे नोंदवले.

आता इथे थांबायला हवे. जी कसोटी आम्ही एकेरीवाल्यांना लावली ती या आकड्यांनाही लावली पाहिजे. अमेरिका-कॅनडातले ते रस्ते ऐसपैस, दोन-तीन रांगांचे. तिथे एकेरी म्हणजे जवळजवळ धावपट्टी. आपल्या पेठेत गाडीला पळायला जागा कुठे आहे? म्हणून ‘तिथे अपघात वाढले, म्हणून इथेही वाढतील’ हेही अनुमान उपाधीने ग्रासलेले आहे. रुंदी ही त्याची उपाधी. परदेशात एकेरी रस्त्यांविरुद्ध मत बनले आहे, म्हणून आपणही विरुद्ध व्हावे, हा काही युक्तिवाद झाला नाही. त्या अभ्यासांतून आपण एवढेच घ्यायचे की एकेरी केले म्हणजे पादचारी आपोआप सुरक्षित झाला, असे धरून चालू नये.

आणि आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. एकेरी रस्ता ओलांडताना माणसाने एकाच बाजूला बघितले तरी पुरावे. आपल्याकडे कुणी तसे बघतो का? दोन्हीकडे बघतो. कारण त्याला नियम माहीत आहे आणि आपली माणसेही माहीत आहेत! उलट दिशेने येणारी दुचाकी ही एकेरी रस्त्याची सावली आहे. एकेरीमुळे मिळणारी सुरक्षितता तिथेच निम्मी खर्च होते.

तिसरे कारण: शिस्त लागते

इथे आम्हाला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे.

उलट दिशेने गाडी हाकणे हा साधा हलगर्जीपणा राहिलेला नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून कलम १८४खाली ते धोकादायक चालवणे धरले जाते. पहिल्याच गुन्ह्याला १००० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो, कैदही होऊ शकते. महामार्गावर उलटे येणाऱ्याला ही शिक्षा योग्यच. पण कल्पना करा, बंदरावरून बर्फाची पेटी घेऊन निघालेला माणूस पन्नास पावलांवरच्या हॉटेलात ती टाकायला दुचाकीवरून उलटा शिरतो. वळसा घ्यायचा तर बर्फ वितळणार. कायद्याच्या लेखी दोघे एका रांगेत बसतात.

नियम मोडणाऱ्याची बाजू घेण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. नियम करणाऱ्याची जबाबदारी दाखवण्यासाठी सांगतो. नियम चांगला कधी? ज्याच्यावर तो बंधनकारक आहे त्याला थोडा विचार केल्यावर तो पटण्यासारखा असेल तेव्हा. रिकाम्या पेठेत, पावसाळी मंगळवारी, दुपारी तीन वाजता, एक गाडी नाही, एक गिऱ्हाईक नाही, आणि पाटी म्हणते एक किलोमीटर फिरून या. सज्जन माणूससुद्धा तो नियम मोडतो. आणि एकदा मोडला की दुसरा मोडणे सोपे जाते. ज्या नियमाला रोज मोडण्यावाचून गत्यंतर नाही तो नियम शिस्त लावत नाही. ‘नियम हे मोडायचेच असतात’ ही शिकवण तो मुलांनाही देतो.

आपल्या पेठेला तर वर्षात दोन चेहरे असतात. पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद, जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद, पर्यटक तुरळक. ऑक्टोबरनंतर हळूहळू गर्दी, मे महिन्यात पाय ठेवायला जागा नाही. चतुर्थीचे दिवस वेगळेच. ४ डिसेंबर २०२३ला नौदल दिनाचा कार्यक्रम मालवण-तारकर्लीला झाला. असा दिवस तर रोजच्या हिशेबात धरताच येत नाही. एवढे वेगळे दिवस आणि सगळ्यांना एकच कायमची पाटी? वैद्य तापातले पथ्य ताप उतरल्यावर सोडायला सांगतो. पाटी लावणाऱ्याला हे का सुचू नये?

आणि कायद्यात ती सोय आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ने वाहनांवर निर्बंध घालण्याचा अधिकार राज्य शासनाला आणि त्याने अधिकार दिलेल्या यंत्रणेला दिला आहे. कारणही लिहून ठेवले आहे: लोकांची सुरक्षितता किंवा सोय, किंवा त्या रस्त्याचे स्वरूप. राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. पण निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळाचा नसेल तर तीही लागत नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली की पुरते. म्हणजे तात्पुरता उपाय सोपा असावा आणि कायमचा अवघड असावा, हे शहाणपण कायदा करणाऱ्यांना सुचले होते. आपण वागताना उलटे वागतो. तात्पुरते म्हणून सुरू करतो आणि काढायला विसरतो.

मग कोंडी कशाने होते?

तिन्ही कारणे तपासून झाली. पण हॉर्न ऐकत उभा असलेला माणूस अजून तिथेच आहे, त्याला आपण सोडून जाऊ शकत नाही.

समजा पेठेतला रस्ता सहा मीटरचा आहे. दोन्ही बाजूंना एकेक चारचाकी उभी राहिली की आरसे, दारे धरून दोन-दोन मीटर गेले. मध्ये उरले दोन. आता तो रस्ता एकेरीच झाला की! पाटी न लावता झाला. मग आपण पाटी लावतो, म्हणजे काय करतो? उभ्या गाड्यांनी जी जागा खाल्ली ती त्यांच्या नावावर करून देतो. आमच्या मते एकेरी वाहतुकीचा खरा लाभार्थी इथे सापडतो. पाटी चालत्या गाडीच्या नावाने लागते, सोय उभ्या गाडीची होते. आपल्याकडे म्हण आहे ना, दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला.

उभी गाडी किती जागा घेते? चार मीटर लांब, पावणेदोन मीटर रुंद धरली तर सात चौरस मीटर. पाटी मांडून बसलेली मासेविक्रेती फार तर एक चौरस मीटर घेते आणि त्यावर घर चालवते. पण ‘अतिक्रमण’ हा शब्द आपण कुणासाठी वापरतो? गाडीसाठी कधी ऐकलाय? २०१४च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांना नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के जागा दिल्या. म्हणजे रस्त्याच्या जागेचा विचार करताना त्यांना विचारले पाहिजे, हे देशाच्या संसदेने मान्य केले आहे. पेठ एकेरी करण्याची चर्चा होते तेव्हा व्यापारी असतात, पोलीस असतात, नगरसेवक असतात. मासेवाली असते का? एसटीतून उतरून पिशव्या घेऊन चालणारी म्हातारी असते का? रस्त्याचे सर्वांत जास्त मिनिटे वापरणारे हेच लोक.

डोनाल्ड शूप या अमेरिकन प्राध्यापकाने २००५ साली एक जाडजूड ग्रंथ लिहून एकच गोष्ट पटवली: फुकट पार्किंग फुकट नसते, त्याची किंमत गाडी नसलेलेसुद्धा भरतात. मालवणात ती किंमत रांगेत अडकलेली रुग्णवाहिका भरते.

आमचे म्हणणे

तर निष्कर्ष असा. समांतर रस्त्यांची जोडी आहे, पार जाणारी वाहतूक मोठी आहे, अशा शहरात एकेरी वाहतूक हे चांगले साधन आहे. त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. पण रस्ता जिथे पोहोचण्याचा आहे, अंतरे छोटी आहेत, आणि कोंडी उभ्या गाड्यांची आहे, अशा पेठेत कायमची एकेरी वाहतूक शोभत नाही.

तिथे करायचे काय? आमच्या समजुतीप्रमाणे हा क्रम असावा. आधी मालाचे टेंपो सकाळच्या ठरावीक वेळेत येऊ द्यावेत, मग नाही. नंतर पर्यटकांच्या गाड्यांना पेठेच्या बाहेर जागा द्यावी आणि तिथून चालत येणाऱ्याला सावली आणि पायवाट द्यावी. पेठेत उभे राहायचे तर एकाच बाजूला आणि थोडाच वेळ. एवढे करूनही चतुर्थीत, मे महिन्यात कोंडी राहिली तर एकेरी करावी. पण पाटीवरच तारीख लिहावी: या तारखेपासून या तारखेपर्यंत, या वेळेत. सायकल आणि हातगाडी यांना त्यातून सूट असावी. आणि मोजणी करायची तर गाड्यांबरोबर माणसेही मोजावीत, पाटीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा.

आपल्याकडे वाटेत कुणी भेटला की पहिला प्रश्न काय असतो? ‘खंय चल्लास?’ कुठे चाललास? किती वेगाने चाललास, असे कुणी विचारत नाही. रस्त्याचे नियम करणाऱ्यांनीही हाच प्रश्न आधी विचारावा, एवढीच आमची विनंती.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: एकेरी वाहतुकीमुळे दुकानदाराचा धंदा घटतो, हे खरे का?*

सरसकट खरे नाही. गिऱ्हाईक चालत येत असेल तर फारसा फरक पडू नये. गाडीवरून जाता जाता बघून थांबणारे गिऱ्हाईक असेल तर पडू शकतो, कारण संध्याकाळी घरी परतणारा माणूस आता त्या रस्त्याने येतच नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात व्हँकुव्हर नावाचे एक शहर आहे, कॅनडातले मोठे ते वेगळे. तिथला मेन स्ट्रीट २००८ साली पुन्हा दुहेरी केला, तेव्हा व्यापाऱ्यांनी त्याचे स्वागत केले. पण आमचा सल्ला असा की दुसऱ्याच्या गावाची साक्ष काढण्याआधी आपल्याच पेठेत एक साधी पाहणी करावी. दुकानात आलेल्याला विचारायचे, कसे आलात? व्यापाऱ्यांना वाटते गिऱ्हाईक गाडीतून येते, कारण गाडी डोळ्यांत भरते. चालत आलेला माणूस लक्षात राहत नाही.

*प्रश्न: रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडी यांच्यासाठी तरी एकेरी बरी नाही का?*

प्रश्न महत्त्वाचा आहे. रुग्णवाहिकेला लागते मोकळी रुंदी. ती दुहेरी रस्त्यावर मिळत नसेल तर उभ्या गाड्यांमुळे मिळत नाही, आणि एकेरी केल्यावर उभ्या गाड्या वाढल्या तर तिथेही मिळणार नाही. शिवाय एकेरीत पुढे एक टेंपो बंद पडला तर मागच्या सगळ्यांची वाट बंद. जुन्या पेठेत लाकडी माड्या आहेत, आग लागली तर मिनिटे मोजावी लागतात. म्हणून अग्निशमन गाडीची रुंदी आधी ठरवा, तेवढा पट्टा रिकामा राहील याची खात्री करा, मग दिशा ठरवा.

*प्रश्न: गाड्याच पूर्ण बंद का करू नयेत? फक्त चालणाऱ्यांची पेठ का नाही?*

तरुण मित्राने विचारले आहे, आवडले. महाराष्ट्रात माथेरान आहे, तिथे बाहेरच्या गाड्या दस्तुरी नाक्याला थांबतात. पण माथेरानने हेही दाखवले की गाड्या गेल्या म्हणून ओझे गेले नाही. माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा तिथे एकविसाव्या शतकातही चालत राहिली. म्हणून गाडी बंद करताना ते ओझे आता कुणाच्या खांद्यावर जाईल, हे आधी बघायचे. पुणे महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ला लक्ष्मी रस्त्याच्या एका भागात पादचारी दिन पाळला. एका दिवसापुरती गाड्यांना सुट्टी. आमच्या मते आपल्याकडेही सुरुवात अशीच व्हावी. पर्यटनाच्या हंगामात एखादी संध्याकाळ, पाच ते नऊ, पेठेचा एक तुकडा. लोकांना चालून बघू द्या, व्यापाऱ्यांना गल्ला मोजू द्या, मासेवालीला विचारा. चांगले वाटले तर दुसऱ्या आठवड्यात पुन्हा करा, नाही वाटले तर सोडून द्या. रस्त्याचा नियम असा करावा की तो चुकला तर सोमवारी सकाळी मागे घेता यावा.